नेमका वाद कशावर?

मी एक जुना प्रश्नसंच आहे. माझी पाने तीनशे बारा. त्यांतली पहिली दोनशे सत्तर प्रश्नांची आणि उरलेली उत्तरांची. मित्रांनो, तुम्हाला वाटेल की ज्याच्या पोटात प्रश्नही आहेत आणि उत्तरेही आहेत, त्याला सगळेच कळत असेल. तसे मुळीच नाही. तुम्हाला तुमची पाठ दिसते का? मलाही माझी मागची पाने कधी दिसली नाहीत. माझे बरेचसे आयुष्य गोंधळात गेले, आणि त्या गोंधळाचीच ही हकिकत आहे.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. मोठमोठे कागद यंत्रातून निघाले, त्यांच्या घड्या झाल्या, सोळा-सोळा पानांचे गठ्ठे झाले, ते दोऱ्याने शिवले गेले आणि वर निळे पुठ्ठे चढले. मुद्रिते तपासणारे गृहस्थ माझ्यावरून हात फिरवत म्हणाले, "डोकं चालवायला लावणारं पुस्तक आहे." यंत्र चालवणारा म्हणाला, "डोकं फिरवणारं आहे." दोघेही हसले. ही स्तुती झाली की निंदा, या विचारात मी जन्मताच पडलो.

कायद्याच्या शिक्षणाला प्रवेश हवा असेल तर एक परीक्षा द्यावी लागते. तिच्यात तर्काचे प्रश्न असतात. त्या परीक्षेच्या सरावासाठी मला तयार केले होते. माझी चौदा प्रकरणे. तेरा प्रकरणांबद्दल माझे काही म्हणणे नाही. माझी बुद्धी अडकली ती नवव्यात. त्याचे नाव 'नेमका वाद कशावर?' त्यात चाळीस प्रश्न होते. प्रत्येक प्रश्नात दोन माणसे बोलत. खाली पाच विधाने दिलेली असत. त्या दोघांचा मतभेद कोणत्या विधानावर आहे, ते ओळखायचे.

एक नमुना सांगतो. शिक्षिका म्हणते, "मुलांनी पाढे पाठ करावेत. पाठ असले की मोठी गणिते लवकर सुटतात." पालक म्हणतो, "गणिते लवकर सुटतात हे खरे. पण पाठांतराने मुलांना गणित नकोसे होते. म्हणून पाढे पाठ करायला लावू नयेत." आता दोघांचा वाद कशावर? पाढ्यांमुळे गणिते लवकर सुटतात यावर? नाही, ते तर दोघांनाही मान्य आहे. पाठांतराने गणित नकोसे होते यावर? तेही नाही, कारण त्याबद्दल शिक्षिका काही बोललेलीच नाही. पाढे पाठ करावेत की नाही, यावर एकीचे 'हो' आहे आणि दुसऱ्याचे 'नाही'. तोच वादाचा मुद्दा. एकाचे 'हो' आणि दुसऱ्याचे 'नाही' असल्याशिवाय माझ्या नवव्या प्रकरणात वाद होत नाही.

मला मात्र एक गोष्ट कधी उमगली नाही. भांडण कुठे आहे ते शोधा, एवढेच माझ्यात छापले होते. ते मिटवा, असे एकाही प्रश्नात का लिहिलेले नव्हते?

माझी पहिली मालकीण एक हुशार मुलगी होती. ती टोकदार पेन्सिलीने हलक्या खुणा करी आणि चुकले की स्वतःच्याच डोक्यात टपली मारी. तिला हव्या त्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला. त्या दिवशी तिने मला मैत्रिणींसमोर उंच धरले आणि ती म्हणाली, "यानेच मला तारलं!" मी फुलून गेलो. दुसऱ्या आठवड्यात तिने मला खिडकीच्या फटीत खोचले, कारण वाऱ्याने झडप आपटत होती. तीन वर्षे मी ती झडप अडवून उभा होतो. माझा एक पुठ्ठा उन्हाने वाकला, दुसऱ्याला ओल लागली. ज्याने तारले त्याला खिडकीत का ठेवतात, हे मी त्या तीन वर्षांत पुष्कळदा स्वतःला विचारले.

मग मी जुन्या पुस्तकांच्या दुकानात आलो. दुकानदार पुस्तके विषयाप्रमाणे न लावता जाडीप्रमाणे लावी. माझ्या एका बाजूला केकच्या कृतींचे पुस्तक होते आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचा पंप दुरुस्त कसा करावा याचे. तिथेच एका दुपारी एका बाईने मला उचलले, नववे प्रकरण उघडले, दोन ओळी वाचल्या आणि ती स्वतःशीच म्हणाली, "हे तर आमच्या घरातलंच दिसतंय."

तिला घरात सगळे थोरली म्हणत. वय बेचाळीस. एका दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसून ती रुग्णांना वेळा देई. कुणाचा नंबर आधी, कुणाचा नंतर, यावरून रोज तिच्यासमोर वाद होत आणि ती ते शांतपणे सोडवी. डॉक्टर एकदा गमतीने म्हणाल्या, "तुम्ही वकील व्हायला हवं होतं." बाकीचे ते ऐकून विसरले. थोरली विसरली नाही. तिने परीक्षेचा अर्ज भरला आणि शनिवारच्या शिकवणीला जाऊ लागली.

बाकी सगळे तिला जमत होते. नववे प्रकरण काही केल्या जमेना. चाळीसपैकी अकरा बरोबर आले. शिकवणीच्या सरांनी तिच्या खुणा पाहिल्या आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, तुमची चूक माझ्या लक्षात आली. तुम्ही वाचता वाचता एकाची बाजू घेता."

"मग? जो बरोबर आहे त्याची बाजू घ्यायला नको?"

"इथे नको. कोण बरोबर, हा प्रश्नच नाही. निवाडा करू नका. भांडण कुठे आहे तेवढं बोटाने दाखवा आणि बाजूला व्हा."

"बाजूला होणं मला जमत नाही, सर," थोरली म्हणाली. ते अगदी खरे होते.

आता तिच्या घरच्या भांडणाबद्दल सांगायला हवे. थोरलीची आई त्रेसष्ट वर्षांची. एका मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात फाटक्या पुस्तकांची बांधणी करायचे काम ती बत्तीस वर्षे करत होती. नवरा गेल्यापासून ती दोन खोल्यांच्या घरात एकटी राहत होती. थोरलीला एक बहीण होती, धाकटी. ती शहरातली बस चालवत असे. दोघी बहिणी दर रविवारी थोरलीकडे जेवायला एकत्र बसत. आईही येत असे. एका रविवारी आई अंगठ्याला पट्टी बांधून आली आणि जेवून लवकर निघून गेली. दार लागले आणि आत भडका उडाला. मी फडताळावर होतो. मी सगळे ऐकले.

"अंगठा बघितलास तिचा?" थोरली म्हणाली. "हात थरथरतात तिचे. त्या हातात सुरी म्हणजे नुसता जिवाला घोर."

"बत्तीस वर्षं ती त्या तळघरात रमलीय," धाकटी म्हणाली. "कामाची ओढ आहे तिला. असं काम एकदम सुटलं ना, की माणूस खचतं."

"तुला तिच्या बोटांची फिकीरच नाही!"

"आणि तुला तिच्या मनाची नाही!"

"तू तिचा हात कापला जाईपर्यंत वाट बघत बसणार."

"आणि तू तिला खुर्चीत बसवून उशी लावणार. झालं!"

धाकटीने पिशवी उचलली आणि ती पायऱ्या दणदणत उतरून गेली. त्यानंतर चार महिने दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. फोनवर निरोप जात, पण ते एका शब्दाचे. 'बरं.' 'कळलं.' 'बघते.' रविवारी आई एकटीच येई, दोन ताटांकडे बघे आणि काही न विचारता जेवे. मी मात्र फडताळावर बसून तो संवाद पुन्हा पुन्हा मनात घोळवत होतो. नववे प्रकरण माझ्याच पोटात, आणि या दोघींचा मुद्दा काही केल्या मला सापडेना. माझ्यातच काही छपाईची चूक आहे की काय, अशी शंका मला येऊ लागली.

परीक्षा तीन आठवड्यांवर आली तेव्हा थोरलीनेच ते केले. नवव्या प्रकरणाच्या शेवटी एक पान कोरे होते. त्यावर तिने सुवाच्य अक्षरात एक्केचाळिसावा प्रश्न लिहिला. 'पहिली: आईचे हात थरथरतात. अशा हातांत सुरी धोक्याची आहे. दुसरी: आईला कामाची ओढ आहे. ओढ असलेले काम एकदम सुटले की माणूस खचते.' खाली तिने चार विधाने लिहिली. पाचव्यासाठी तिला काही सुचले नाही, म्हणून आकडा घालून जागा मोकळी सोडली. मग प्रत्येकापुढे दोन रकाने आखले, एक पहिलीचा, एक दुसरीचा, आणि ती भरू लागली.

आईचे हात थरथरतात. पहिली: हो. दुसरी: माहीत नाही.
सुरी धोक्याची आहे. पहिली: हो. दुसरी: माहीत नाही.
आईला कामाची ओढ आहे. पहिली: हो. दुसरी: हो.
आईने काम सोडावे.

इथे तिची पेन्सिल थांबली. आईने काम सोडावे, असे आपण म्हणालो होतो का? तिने आठवून पाहिले. नाही, म्हणालो नव्हतो. धाकटीने तरी 'सोडू नये' असे म्हटले होते का? तेही नाही. मग तिने दोन्ही रकान्यांत 'माहीत नाही' असे लिहिले.

शनिवारी तिने तो प्रश्न सरांसमोर ठेवला. तो कुणाचा आहे हे सांगितले नाही. सरांनी दोनदा वाचला.

"हा प्रश्न रद्द. कुणी काढलाय? यात मतभेदच नाही."

"पण सर, या दोघी भांडतायत."

"भांडत असतील हो. पण एक हातांबद्दल बोलतेय आणि दुसरी मनाबद्दल. चारही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. वाद असलाच तर तो यांच्या तोंडून अजून बाहेरच आलेला नाही." सरांनी मला परत दिले. "फार विचार करू नका. असले प्रश्न परीक्षेत येत नाहीत."

थोरलीला हसावे की रडावे ते कळेना. चार महिने अबोला, आणि मतभेद नाहीच! ही गोष्ट धाकटीला सांगायलाच हवी असे तिला वाटले. ती मला पिशवीत घालून तडक बसच्या डेपोत गेली.

चालकांच्या विश्रांतीच्या खोलीत धाकटी डबा उघडून बसली होती. बहिणीला पाहून ती जरा उठल्यासारखी झाली आणि पुन्हा बसली. थोरलीने काही प्रस्तावना न करता मला तिच्यापुढे उघडले.

"हे वाच. आपलं भांडणच नाहीये गं!"

धाकटी वाचू लागली. आधी तिच्या भुवया वर गेल्या, मग खाली आल्या.

"मला 'दुसरी' केलंस?"

"अगं, धाकटी आहेस ना तू."

"आणि 'पहिली' कोण, तर तू. अर्थात! बरं, हे काय? माझ्यापुढे सगळीकडे 'माहीत नाही' लिहिलंयस. मला माहीत नाही? आईचे हात थरथरतात हे मला माहीत नाही?"

"तसं नाही. तुझं मत काय ते मला माहीत नाही, असा अर्थ आहे त्याचा."

"चाळीस वर्षं बहीण आहेस माझी, आणि माझं मत तुला माहीत नाही?"

"तू सांगितलंस कधी?"

"तू विचारलंस कधी? परीक्षेच्या पुस्तकात घातलंस मला!"

"दे ते इकडे."

"नाही देत. माझ्याबद्दल लिहिलंय, मी वाचणार."

थोरलीने एक बाजू धरली, धाकटीने दुसरी. उन्हाने आणि ओलीने माझा कणा आधीच कमकुवत झालेला. एक विचित्र आवाज झाला. तो माझाच होता, हे मला क्षणभराने कळले. तेवढ्यात बाहेरून धाकटीच्या बसचा नंबर पुकारला गेला. ती तशीच उठली आणि हातातला अर्धा भाग घेऊन निघून गेली. दुसरा अर्धा थोरलीच्या हातात राहिला.

मित्रांनो, त्यानंतरच्या चार दिवसांत माझी जी अवस्था झाली ती मला अजून नीट सांगता येत नाही. नवव्या प्रकरणापर्यंतचे प्रश्न एका घरात होते आणि सगळी उत्तरे दुसऱ्या घरात. मी थोरलीच्या टेबलावरही होतो आणि धाकटीच्या बसमध्ये चालकाच्या आसनामागच्या कप्प्यातही होतो. दोन्हीकडे मी अर्धाच होतो, आणि दोन्हीकडे मला वाटे की खरा मी तिकडे आहे. थोरली सराव करी, पण बरोबर की चूक ते तिला कळत नसे. ती प्रश्न सोडवून नुसती बसून राही.

लिहिलेले पान धाकटीच्या अर्ध्यात गेले होते. तिसऱ्या दिवशी शेवटच्या थांब्यावर तिची बस रिकामी झाली. निघायला बारा मिनिटे होती. तिने मला कप्प्यातून काढले आणि ते पान मांडीवर ठेवले. तिकीट तपासनिसाकडून पेन मागून घेतले. पहिल्या विधानापुढचे 'माहीत नाही' तिने खोडले आणि लिहिले, 'हो. मीपण पाहिलंय.' दुसऱ्यापुढे लिहिले, 'हो.' चौथ्यापुढे, 'तिचं तिने ठरवावं.' मग ती पाचव्या मोकळ्या जागेपाशी आली. तिथे तिने पेन टेकवले, उचलले, पुन्हा टेकवले. शेवटी लिहिले, 'आईला स्वतःच्या हातांचं कळत नाही.' त्यापुढे पहिलीच्या रकान्यात 'हो' लिहिले, आणि स्वतःच्या रकान्यात मोठ्या अक्षरांत 'नाही'.

एकीचे 'हो', दुसरीचे 'नाही'. मी दचकलो. मुद्दा सापडला होता! जो थोरलीला सापडला नाही, सरांना दिसला नाही, तो बस चालवणाऱ्या बाईने बारा मिनिटांत पेनने लिहून काढला होता. आई थकली आहे हे तिचे तिला कळतच नाही, म्हणून आपण काहीतरी करायला हवे, असे थोरली मनात धरून होती. आईला सगळे कळते, आपण मध्ये पडायला नको, असे धाकटी धरून होती. आणि हे दोघींपैकी कुणीही मोठ्याने बोलले नव्हते.

चौथ्या दिवशी धाकटी मला घेऊन ग्रंथालयाच्या तळघरात गेली. मला शिवून घ्यावे आणि गुपचूप थोरलीच्या दवाखान्यात ठेवून यावे, असा तिचा बेत होता. दार ढकलून आत शिरते तर आईच्या टेबलापाशी त्याच कामासाठी आलेली थोरली उभी, हातात माझा पहिला अर्धा भाग!

आईने एकदा इकडच्या अर्ध्याकडे पाहिले, एकदा तिकडच्या. तिच्या समोर चिकटवायच्या खळीचे भांडे होते, बाजूला पुस्तके दाबायचा लोखंडी शिकंजा.

"पुस्तक एकच दिसतंय," ती म्हणाली. "मग दोन दारांनी कसं आलं?"

आईने दोन्ही भाग जवळ ओढले, कडा जुळवल्या आणि तेवढ्यात ते लिहिलेले पान तिच्यापुढे आले. तिने चष्मा लावला. धाकटी म्हणाली, "आई, ते राहू दे." थोरली म्हणाली, "ते नुसतं सरावासाठी आहे." आईने एक हात वर केला. आई बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेली. बोट थरथरत होते. मी ते माझ्या कागदावर अनुभवत होतो.

"'आईला स्वतःच्या हातांचं कळत नाही,'" तिने मोठ्याने वाचले. "हो म्हणतेस तू, थोरले?"

थोरलीचा चेहरा पडला. "मला भीती वाटते गं."

"पाच महिने झाले, मी सुरीला हात लावलेला नाही. पुठ्ठे ती पलीकडच्या टेबलावरची कापून देते. मी फक्त शिवते आणि चिकटवते."

"मग अंगठा?"

"घरी. डब्याचं पत्र्याचं झाकण लागलं."

धाकटीने विजयाने बहिणीकडे पाहिले. "बघ! मी काय म्हणत होते? तिला सगळं कळतं."

"तू थांब," आई म्हणाली. "उड्या मारू नकोस. हे तिसरं वाच. 'आईला कामाची ओढ आहे.' इथे दोघींनी 'हो' लिहिलंय."

"हो. त्याच्यावर आमचं एकमत आहे," थोरली घाईने म्हणाली.

"तेच चुकलंय."

पलीकडच्या टेबलावरची बाई कापता कापता थांबली.

"कंटाळा आलाय मला," आई म्हणाली. "दोन वर्षं झाली. सकाळी उठलं की खळीचा वास नाकात असतो, अजून शिजवलेलीही नसते तरी. हातांचं काही नाही. हात धड असते तरी आला असता कंटाळा."

"मग सांगितलं का नाहीस?" धाकटीचा आवाज एकदम बारीक झाला.

"कुणाला सांगू? तू डेपोत सगळ्यांना सांगत फिरतेस, माझी आई या वयात कशी काम करते बघा म्हणून. तुझा तोरा मोडवेना मला. आणि हिला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी हिने माझी खाट आपल्या घरी नेली असती. मला कुणाकडे जायचं नाही. माझ्याच घरात राहायचंय, आणि सकाळी उशिरा उठायचंय. एवढंच आहे माझं."

थोरली स्टुलावर बसली. धाकटी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, पण तळघराच्या त्या खिडकीतून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसत. थोड्या वेळाने तिचे खांदे हलू लागले. ती रडते आहे असे मला वाटले. ती हसत होती. मग थोरलीही हसू लागली, आणि मग तिचे डोळे भरून आले. कोण हसते आहे आणि कोण रडते आहे, हे मला शेवटपर्यंत नीट कळले नाही.

मी तर पुरता चक्रावलो. नवव्या प्रकरणाचा नियम सांगतो की ज्यावर दोघांचे एकमत आहे ते विधान सोडून द्या, तिथे शोधायचे काही नाही. आणि खरी गफलत नेमकी तिथेच होती! चार महिने या दोघी वादाला धरून बसल्या होत्या, आणि जिथे वाद नव्हता तिथेच दोघींचे चुकले होते. माझ्या तीनशे बारा पानांत याबद्दल एक ओळही नाही.

"पोरींनो, परीक्षा कधी आहे?" आईने विचारले.

"दहा दिवसांनी," थोरली म्हणाली.

"मग बसलात काय? लागा कामाला."

त्या दुपारी तिघींनी मिळून मला बांधले. कापायचे काम थोरलीने केले. तिने सुरी अशी धरली की आई म्हणाली, "माझ्यापेक्षा तुझेच हात जास्त थरथरतात." शिवण आईने घातली, हळूहळू, एकेक टाका मोजत. शिकंज्याचा दांडा धाकटीने फिरवला, आणि बसचे चाक फिरवणाऱ्या त्या हातांनी तो इतका आवळला की मला श्वास घेता येईना. तिघीही एकाच वेळी बोलत होत्या. त्या बोलण्यात उत्तरांचा एक गठ्ठा उलटा शिवला गेला. आईच्या ते लक्षात आले तेव्हा खळ वाळली होती. ती पुन्हा उसवायला निघाली, तर थोरली म्हणाली, "असू दे, आई. मी उलटं धरून वाचीन." आजही नवव्या प्रकरणाची उत्तरे पाहायची तर मला डोक्यावर उभे करावे लागते.

थोरलीचे नाव प्रवेशाच्या पहिल्या यादीत नव्हते. दुसऱ्या यादीत खालून सातवे होते. धाकटीने ते डेपोत सगळ्यांना सांगितले, पण 'खालून' हा शब्द गाळून. आता थोरली दिवसा दवाखान्यात वेळा देते आणि संध्याकाळी कायदा शिकते. दोघी बहिणी आजही भांडतात. पण भांडता भांडता मध्येच एखादी थांबते आणि विचारते, "थांब. हे तू म्हणालीस, की तू म्हणालीस असं मी धरून चाललेय?" मग दोघींनाही आठवावे लागते आणि भांडणाची लय बिघडते.

आईने वर्षअखेरीला काम सोडले. थोरलीला माझी गरज उरली नव्हती, म्हणून तिने मला आईकडे ठेवले. बत्तीस वर्षे आईने पुस्तके कण्याकडून पाहिली होती. आता ती आतून वाचते. सकाळी उशिरा उठते, खिडकीशी बसते आणि कधीकधी मला उघडते. परीक्षा द्यायची नसल्याने तिला खालची विधाने वाचायची गरज वाटत नाही. ती फक्त वरची माणसे वाचते. आणि वाचून झाले की दर वेळी चिडते.

"हा माळी म्हणतो झाड तोडा, ती शेजारीण म्हणते तोडू नका. बरं, मग पुढे? पुढे काय झालं? लिहिलंच नाही!"

तिच्या चिडण्यामुळे एक गोष्ट माझ्या पहिल्यांदाच ध्यानात आली. माझ्या पानांवर प्रत्येकाला एकदाच बोलायला मिळते. एक बोलतो, दुसरा बोलतो, आणि लगेच खाली प्रश्न येतो. माळ्याने शेजारणीचे ऐकले का, ऐकून त्याला काय वाटले, हे विचारायला कुणाला वेळच नसतो.

परवा आईने पेन्सिल घेतली. शेजारणीच्या वाक्याखाली दोन ओळींच्या मध्ये थोडी जागा होती. तिथे तिने थरथरत्या, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले, 'माळी: असं होय? मला वाटलं तुम्हाला सावलीचा त्रास होतो.' मग मान तिरपी करून तिने ते वाचले, आणि समाधानाने मला मिटून ठेवले.

आता या प्रश्नाचे छापील उत्तर बरोबर राहिले की चुकले, हे मला सांगता येणार नाही. मी पुन्हा गोंधळलो आहे. पण मित्रांनो, माझ्यासारखे एखादे जुने पुस्तक तुमच्या हाती आले तर त्याची पाने जपून उलटा. आणि तुमचे कुणाशी बिनसले तर एवढे करा. तुम्ही एकदा बोललात, समोरचा एकदा बोलला, की लगेच उत्तराकडे धावू नका. तुमच्या दोघांच्या ओळींखाली अजून जागा आहे. आधी त्याला पुन्हा बोलू द्या.